कर, बाजारभाव आणि लोकसभा : प्रस्तावना

कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे भारतीय राज्यघटनेचे कलम 265 सांगते. तो कायदा संसद किंवा विधिमंडळ करते आणि ही सभागृहे मतदार निवडून देतात. कर आणि निवडणूक यांचे नाते इतके थेट आहे. प्रत्यक्षात मात्र लोकसभा निवडणुकीची चर्चा जात, धर्म, नेतृत्व आणि आघाड्या यांच्याभोवती फिरत राहते आणि अर्थसंकल्पाची चर्चा प्राप्तिकराच्या टप्प्यांपाशी थांबते. या दोन चर्चांच्या मधला भाग मराठीत फारसा कसला गेलेला नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या भागाची ओळख करून देण्यासाठी आहे.

या विषयाच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून सत्ताधारी कर, खर्च आणि भाव यांत कोणते फेरफार करतात, हा पहिला. आपल्या वाट्याला आलेल्या महागाईचा, रोजगाराचा आणि कराचा हिशेब मतदार मतदानाच्या दिवशी कसा करतात, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून आहेत. मतदार काय पाहतात यावर सत्ताधारी काय दाखवतात हे ठरते आणि सत्ताधारी काय झाकू शकतात यावर मतदार कोणाला जबाबदार धरतात हे ठरते.

भारतात या नात्याची सुरुवात मताशिवाय कर देण्यापासून झाली. 1857 च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी 1860 मध्ये प्राप्तिकर आणला, तेव्हा तो देणाऱ्यांपैकी कोणालाही सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. महात्मा फुले यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, लोकल फंड, जकात आणि मिठावरील कर यांचा शेतकऱ्याच्या संसारावर पडणारा भार मांडला. दादाभाई नवरोजी यांनी देशातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब काढला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेल्या पहिल्याच भाषणात, दुष्काळाने खंगलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक साठणे हे समृद्धीचे नव्हे, जादा करआकारणीचे लक्षण आहे, असा मुद्दा मांडला. पुढच्याच वर्षी मिठावरील कर घटला आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा 500 वरून 1000 रुपयांवर गेली. 1930 मध्ये दांडीला याच मिठाच्या करातून देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला. या काळातील सरकारी अर्थव्यवहाराचा पद्धतशीर अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 1925 मध्ये प्रकाशित झालेल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधात आहे.

1919 आणि 1935 च्या भारत सरकार कायद्यांनी मताधिकार दिला, पण मालमत्ता, शिक्षण आणि भरलेला कर अशा अटींवर. सारा किंवा प्राप्तिकर भरणारा मतदार होता. मिठावरचा कर भरणारा मजूर मतदार नव्हता. राज्यघटनेच्या कलम 326 ने ही अट मोडली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून कर आणि मत यांची फारकत झाली आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचे मत सारखे ठरले. आधुनिक भारतातील कर-राजकारण समजून घ्यायचे तर हा बदल सतत ध्यानात ठेवावा लागतो. पाश्चात्त्य देशांपैकी बहुतेकांत प्राप्तिकराचा प्रसार आणि मताधिकाराचा विस्तार टप्प्याटप्प्याने, एकमेकांच्या आगेमागे झाला. भारतात सार्वत्रिक मताधिकार एका रात्रीत आला. प्रत्यक्ष कर मात्र थोड्यांपुरताच राहिला.

त्याचे परिणाम करव्यवस्थेच्या पुढच्या वाटचालीत दिसतात. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोग 1953 मध्ये नेमला गेला. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या 1956 च्या अहवालानंतर संपत्ती कर, खर्च कर आणि देणगी कर आले. 1973-74 मध्ये अधिभारासह प्राप्तिकराचा कमाल दर 97.75 टक्क्यांवर पोहोचला. कागदावर समतेची भाषा होती. उत्पन्नाचा मोठा भाग मात्र उत्पादन शुल्क, सीमा शुल्क आणि विक्रीकर यांतून येत होता, म्हणजे काडेपेटी, साबण आणि कापड विकत घेणाऱ्या सर्वांकडून. शेती उत्पन्नावरील कर राज्यांच्या अखत्यारीत असल्याने आणि ग्रामीण मतांच्या बळामुळे बड्या बागायतदारांचे उत्पन्नही बहुतांशी करमुक्त राहिले. के. एन. राज समितीने 1972 मध्ये सुचवलेला कृषिधारणा कर अमलात आला नाही. मृत्यू कर 1985 मध्ये आणि संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने बहुतेक अप्रत्यक्ष कर एका छत्राखाली आणले. मुंबईच्या नाक्यांवरची जकातही त्याच दिवशी संपली.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत नोंदणीकृत मतदार जवळपास 97 कोटी होते. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरणारे त्या सुमारास आठ कोटींच्या आसपास होते आणि त्यांतील अनेकांचा देय कर शून्य होता. या आकड्यांवरून देश मूठभर करदात्यांच्या जिवावर चालतो, असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. तो चुकीचा आहे. मोबाइलचे रिचार्ज, बिस्किटाचा पुडा, सिमेंटची गोणी, एसटीच्या टाकीतले डिझेल या प्रत्येकात कर आहे. प्रत्येक मतदार कर भरतो. फरक इतकाच, की बहुसंख्यांना आपण किती भरतो हे कळत नाही. कर आणि निवडणूक यांच्या नात्यातील बरेचसे गुंते या न दिसण्यातून निर्माण होतात, ही या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका आहे.

आर्थिक परिस्थिती आणि लोकसभेचे निकाल यांचा पट मांडला तर काही गोष्टी ठळक दिसतात. 1965 आणि 1966 ची सलग अवर्षणे, अन्नटंचाई आणि जून 1966 मधील रुपयाचे अवमूल्यन यांच्या पाठोपाठ 1967 मध्ये काँग्रेस 283 जागांवर घसरली आणि अनेक राज्ये तिच्या हातून गेली. 1971 मध्ये ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर तिने 352 जागा मिळवल्या. त्यानंतर 1972 चा दुष्काळ आणि 1973 चा तेलाचा भडका आला. 1974 मध्ये महागाईचा दर 25 टक्क्यांच्या पुढे गेला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या लाटणे मोर्चांनी रॉकेल, तेल आणि धान्याचा प्रश्न रस्त्यावर आणला. 1977 मध्ये या दोघी लोकसभेवर निवडून गेल्या. त्या निवडणुकीचा निर्णायक मुद्दा आणीबाणी होता हे खरे. पण आणीबाणीपूर्वीच्या असंतोषाची जमीन महागाईने नांगरली होती. 1980 मध्ये कांद्याचे चढे भाव हा इंदिरा गांधी यांच्या प्रचाराचा विषय झाला आणि काँग्रेस 353 जागांसह परतली.

पुढचा पट अधिक गुंतागुंतीचा आहे. 2003-04 मध्ये वाढीचा दर आठ टक्क्यांच्या आसपास असताना ‘इंडिया शायनिंग’चा प्रचार करणारे सरकार 2004 मध्ये हरले. वाढ झाली होती, पण ती कोरडवाहू शेतीपर्यंत पोहोचली नव्हती. 2008 च्या अर्थसंकल्पात 60 हजार कोटींच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा झाली, त्याच वर्षी सहावा वेतन आयोग लागू झाला, रोजगार हमीचा कायदा देशभर पसरला, आणि 2009 मध्ये काँग्रेसच्या जागा 145 वरून 206 झाल्या. 2008-09 च्या आर्थिक वर्षात अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट असलेली राजकोषीय तूट सहा टक्क्यांच्या घरात गेली. त्यात जागतिक मंदीचाही वाटा होता. नंतरच्या वर्षांतील चढ्या महागाईने त्याच सरकारची पत घालवली आणि 2014 मध्ये भारतीय जनता पक्षाला 282 जागा मिळाल्या. 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पाने शेतकऱ्यांना वर्षाला 6000 रुपयांचा सन्मान निधी आणि पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सवलत दिली. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष 303 जागांवर गेला, पण पुलवामा आणि बालाकोटच्या छायेत. 2024 मध्ये तो 240 वर आला. त्या वर्षीच्या लोकनीती-सीएसडीएसच्या निवडणूकपूर्व पाहणीत 27 टक्के मतदारांनी बेरोजगारी आणि 23 टक्क्यांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला होता.

या पटावरून एक सरळ सूत्र निघत नाही आणि ते काढण्याचा मोह टाळला पाहिजे. नेमके काय निघते, हे पाहण्यासाठी जगभरच्या अभ्यासाकडे वळावे लागते.

अभ्यासाची पहिली परंपरा मतदारापासून सुरू होते. अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये मतदाराला स्वतःच्या लाभाचा हिशेब करणारी व्यक्ती मानले. व्ही. ओ. की यांनी 1966 मध्ये मतदार मागच्या कामगिरीवर निवाडा देतात असे दाखवण्याचा प्रयत्न केला आणि 1971 मध्ये जेराल्ड क्रेमर यांनी अमेरिकी निवडणुकांच्या आकडेवारीवर आर्थिक चढउतारांचा परिणाम मोजला. यानंतर डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किवीट यांनी महत्त्वाचा भेद केला: मतदार स्वतःच्या खिशाकडे पाहतो की देशाच्या एकूण स्थितीकडे? अमेरिकेत त्यांना दुसऱ्याचा प्रभाव जास्त आढळला. बिंगहॅम पॉवेल आणि गाय व्हिटन यांनी 1993 मध्ये आणखी एक दुवा जोडला. जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असेल तरच आर्थिक कामगिरीची शिक्षा किंवा बक्षीस मिळते. आघाड्या आणि विभागलेली सत्ता असेल तर रोष विरून जातो.

दुसरी परंपरा सत्ताधाऱ्यांकडे पाहते. मिखाल कालेत्स्की यांनी 1943 मध्ये राजकारणातून निर्माण होणाऱ्या आर्थिक चक्राची कल्पना मांडली. विल्यम नॉर्डहाउस यांनी 1975 मध्ये तिला सिद्धांताचे रूप दिले. निवडणुकीआधी सैल हात, निवडणुकीनंतर कमरेला पट्टा, हा त्याचा गाभा. डग्लस हिब्ज यांनी 1977 मध्ये पक्षांच्या वैचारिक कलाला महत्त्व दिले. केनेथ रोगॉफ यांनी 1990 मध्ये हे चक्र अर्थसंकल्पात, म्हणजे कर आणि दिसणाऱ्या खर्चात शोधले. तिसरी, सर्वांत जुनी परंपरा इटालियन अर्थतज्ज्ञ अमिल्कारे पुवियानी यांची आहे. 1903 मध्ये त्यांनी राजकोषीय आभासाचा विचार मांडला: राज्यकर्ते कराचा बोजा किमतीत, कर्जात आणि गुंतागुंतीत लपवतात आणि लाभ उठून दिसेल असा देतात.

भारतीय अभ्यासांनी या सिद्धांतांना स्थानिक वळण दिले. स्तुती खेमानी यांच्या 2004 च्या अभ्यासात भारतीय राज्यांत निवडणुकीच्या वर्षी एकूण तूट फुगल्याचे दिसले नाही. विशिष्ट गटांना मिळणाऱ्या वस्तूकरातील सवलती आणि ठरावीक कामे मात्र वाढलेली दिसली. शॉन कोल यांना निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांच्या शेतीकर्जाच्या वाढीचा वेग पाच ते दहा टक्के अंकांनी जास्त आढळला. पूनम गुप्ता आणि अरविंद पानगढिया यांनी 2009 च्या निकालांवरून, वेगाने वाढणाऱ्या राज्यांत सत्तारूढ पक्षांच्या उमेदवारांना यशाची शक्यता जास्त होती, असे दाखवले. भारतात निवडणुकीचे अर्थचक्र आहे, पण ते सगळी अर्थव्यवस्था ढवळण्यापेक्षा नेमक्या गटाच्या नेमक्या लाभातून फिरते, असे या अभ्यासांतून दिसते.

करामुळे सरकार पडते का, याचे उत्तर अनेक देशांनी दिले आहे. कॅनडात 1991 मध्ये वस्तू व सेवा कर आणणारा पक्ष 1993 मध्ये दोन जागांवर आला. ऑस्ट्रेलियात याच कराचा प्रस्ताव घेऊन उतरलेले जॉन ह्यूसन 1993 मध्ये हरले. जॉन हॉवर्ड 1998 मध्ये तोच प्रस्ताव मांडून जिंकले. मलेशियात 2015 मध्ये सहा टक्के दराने हा कर आला आणि 2018 मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेली आघाडी प्रथमच पराभूत झाली. भारतात मात्र 2017 नंतर तसे झाले नाही. गुजरात विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर नोव्हेंबर 2017 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने गुवाहाटीच्या बैठकीत 178 वस्तू 28 टक्क्यांच्या टप्प्यातून खाली आणल्या. हा कर एकटे केंद्र ठरवत नाही. परिषदेत सर्व राज्ये बसतात. त्यामुळे त्याची जबाबदारी वाटली जाते आणि पॉवेल-व्हिटन यांच्या सिद्धांताप्रमाणे रोषालाही एकच पत्ता सापडत नाही.

इंधनावरचा कर हे या वाटलेल्या जबाबदारीचे दुसरे टोक. फेब्रुवारी 2021 मध्ये पेट्रोलवर केंद्राचे लिटरमागे 32 रुपये 90 पैसे शुल्क होते. त्यातला राज्यांशी वाटून घेतला जाणारा मूळ उत्पादन शुल्काचा भाग 1 रुपया 40 पैसे होता. बाकी सारे उपकर आणि विशेष शुल्क. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यात पाच रुपयांची कपात झाली. त्यानंतर उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत, चार महिन्यांहून अधिक काळ, पंपावरचे दर स्थिर राहिले आणि निकालानंतर मार्च 2022 मध्ये वाढू लागले. मार्च 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी देशभर पंपावरच्या दरात दोन रुपयांची कपात लागू झाली. इंधन एकच; निवडणुकीपूर्वी त्याचा दर दिलासा होतो, निवडणुकीनंतर महसूल.

महाराष्ट्रापुरते सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले आणि लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव थांबले. 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. हा कांदा टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत भरून भाव येण्याची वाट पाहता येत नाही. ट्रॅक्टरमधून आलेला माल त्या दिवशीच्या बोलीला विकण्यावाचून शेतकऱ्यापुढे मार्ग नव्हता. शहरी ग्राहकाचे मत राखण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत उत्पादकाने मोजली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. 20 मे रोजी मतदान झाले आणि नाशिक व दिंडोरी या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीपूर्वी, शुल्क 20 टक्क्यांवर आले. एप्रिल 2025 पासून ते रद्द झाले. 1980 मध्ये कांद्याचे चढे भाव सरकारविरुद्धच्या प्रचाराचा विषय झाले, आणि त्याच वर्षी चाकणला शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी कांद्याच्या पडलेल्या भावासाठी रस्त्यावर आले होते. निर्यात शुल्क हा शेतकऱ्यावरचा कर आहे. पावती नसल्याने तो कर म्हणून मोजला जात नाही.

दिसणारा करही लोक स्वीकारतात, हे सांगणारे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर तो आजही वेगळा दिसतो. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या बंधाऱ्यावरची मजुरी, असा त्याचा हेतू उघड सांगितला गेला होता. ज्या योजनेने पुढे राष्ट्रीय कायद्याला वाट दाखवली, तिचा आर्थिक पाया न लपवलेल्या करावर उभा होता.

हा विषय आज निकडीचा होण्याची तीन कारणे आहेत. थेट खात्यात जाणारी रक्कम हे निवडणुकीचे प्रमुख साधन बनले आहे. महाराष्ट्रात 2024 च्या लोकसभेत 48 पैकी 17 जागा मिळवणाऱ्या महायुतीने महिन्याला 1500 रुपयांची ‘लाडकी बहीण’ योजना आणली आणि पाच महिन्यांनी विधानसभा मोठ्या बहुमताने जिंकली. यशाचे श्रेय एकट्या योजनेला देता येत नाही, पण प्रत्येक पक्षाने त्यातून धडा घेतला आहे. दुसरे कारण केंद्र-राज्य संबंधांचे. केंद्रीय करांतील राज्यांच्या, वित्त आयोगाने ठरवलेल्या 41 टक्क्यांच्या वाट्यात उपकर आणि अधिभार धरले जात नाहीत; त्यामुळे आश्वासने राज्ये देतात आणि कर वाढवण्याची साधने मुख्यतः केंद्राकडे राहतात. तिसरे कारण करकपातीच्या स्पर्धेचे. 2025 च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, तर 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे मुख्य टप्पे पाच आणि 18 टक्के असे दोनच राहिले. कर कमी आणि लाभ जास्त, ही दोन्ही आश्वासने एकाच वेळी दिली जात असताना मधली तफावत कर्जातून भरली जाते, आणि आजच्या कर्जाची परतफेड करणाऱ्यांपैकी अनेकांना अजून मताचा अधिकार नाही.

प्रस्तुत ग्रंथात हा सारा विषय एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न आहे. करांचा इतिहास, निवडणुकांचा आर्थिक संदर्भ, सिद्धांतांची ओळख आणि शेती, इंधन, पगार व कल्याणकारी योजना यांचे स्वतंत्र विवेचन अशी त्याची मांडणी आहे. पुढच्या निवडणुकीचे भाकीत करणे हा त्याचा हेतू नाही. महागाई, रोजगार आणि कर यांच्या बरोबरीने जात, प्रदेश, नेतृत्व आणि अस्मिता मतावर परिणाम करतात. एका निकालातून या घटकांना सुटे करणे कठीण असते, आणि जिथे पुरावा अपुरा आहे तिथे दावा मर्यादित ठेवला आहे. अर्थशास्त्राचे शिक्षण न झालेल्या वाचकालाही ग्रंथ वाचता यावा, म्हणून गणिती मांडणी टाळली आहे.

लोकशाहीत कर कमी असावा की जास्त, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. कर कोण देतो, किती देतो आणि त्याचे काय होते, हे मात्र प्रत्येक मतदाराला कळलेच पाहिजे. उमेदवार दारी येईल तेव्हा काय देणार एवढेच न विचारता, ते कोणाकडून घेणार हेही वाचकांनी विचारावे. तो प्रश्न विचारण्याची तयारी व्हावी, यासाठी हा ग्रंथ आहे.